जोडीनं मातीकामाचा क्लास करावा का? (वर्धा-चंद्रपूर साइड)

कपाशीवाली:
आम्ही समुद्रपूर तालुक्यातले. कापसाची वेचणी आटोपली की आमच्या ह्यांना अन मला थोडी फुरसत असते, तर यंदा म्हटलं दोघं मिळून काहीतरी शिकू, रोज तेच वावर अन तोच टीव्ही. रीलमध्ये चाकावर कप बनवतात ना, ते. हे म्हणतात "चिखलात हात घालाले पैसे काऊन द्याचे, लोकं हासतीन", पण मनातून तयार हायेत, फक्त पुण्याले यायचं नाही म्हणतात. भद्रावतीला शिकवतात असं ऐकलं. दोघांनी एकाच चाकावर बसायचं असतं का? अन कप त्याच दिवशी घरी आणता येतो का?

वरोऱ्याची सून:
भद्रावतीचा ग्रामोदय संघ म्हणत असाल, कृष्णमूर्ती मिरमिरांनी उभा केलेला, तिथं कुंभारकामच मुख्य. नवख्यांची बॅच कधी असते ते आधी फोन करून विचारा, उगाच एसटीची चक्कर नको.
आम्ही दोघांनी क्लास केला (दुसरीकडे). एका चाकावर दोघं हे फोटोपुरतं, प्रत्यक्षात चार हात लागले की माती डगमगते अन भांडणं होतात ती वेगळीच 😄 दोन चाकं मागा. सुरुवातीला सगळा वेळ माती मळण्यात अन गोळा चाकाच्या मधोमध बसवण्यातच जातो. कोपरं मांडीला टेकवून ठेवायची, हात हवेत राहिले की गोळा हलतोच. माझा आधी बसला, ह्यांचा नाही, मग बिचारे घरी येईस्तोवर गप्प. नखं कापून जा, बांगड्या काढून ठेवा, साडीपेक्षा जुना ड्रेस बरा.
कप त्याच दिवशी मिळत नाही हो. आधी सुकवणार, मग भट्टी, अन चहा प्यायचा असेल तर ग्लेझ (भाजल्यावर काचेसारखा होणारा लेप) लावून बहुतेक पुन्हा भट्टी. नुसत्या भाजलेल्या लाल मातीत चहा झिरपतो.

चाकवाला भाऊ:
आमचं घर कुंभाराचं. सरळ सांगतो, गावातल्या कुंभाराकडे आधी एक सकाळ बसून पाहा, फुकटात समजते आपल्याले जमते का नाही. फक्त अक्षय तृतीयेच्या अन दिवाळीच्या आधी जाऊ नका, तेव्हा माठ-पणत्यांच्या घाईत कोणाले बोलायलेही टाइम नसते. काडीनं फिरवायचं जुनं चाक लय जड, त्यावर नवखा माणूस पाच मिनिटात थकते. खादी आयोगाच्या कुंभार सशक्तीकरण योजनेत २०१८ पासून विजेची चाकं वाटली, तुमच्याकडच्या कुंभाराकडे तसं असन तर सोपं जाईन. अन आमच्या घरी बाया माती मळत, रंगवत, चाकावर फक्त माणसं बसत. तुम्ही बसून रायल्या हे पाहून आमची आजी खुश झाली असती.

वरोऱ्याची सून:
भाऊंचं बरोबर. अन मे महिन्यात नका करू, आपल्या उन्हात कड आधी सुकते, बूड ओलंच राहते अन मग तडा जातो. वेचणीनंतरचा टाइम बेस्ट. ओला कप प्लास्टिकखाली झाकून हळूहळू सुकवायचा.

कपाशीवाली:
थँक्यू दोघांना 🙏 ह्यांना वाचून दाखवलं, म्हणतात आधी कुंभाराकडे जाऊ, तिथं जमलं तर पैसे भरू. अन दोन चाकं पक्की, माझा गोळा आधी बसला तर चालणार नाही म्हणे. भाऊ, कुंभाराकडे नुसतं बसायला जायचं तर काही न्यावं का, बरं दिसत नाही ना रिकाम्या हातानं?

चाकवाला भाऊ:
दोन माठ विकत घ्या, झालं.