मदत हवी आहे : चॉकलेट पेस्ट्रीचे पदर सुटत नाहीत

नमस्कार मंडळी. गेले तीन रविवार पँ ओ शोकोला, म्हणजे पदरांची चॉकलेट पेस्ट्री, घरी करतेय आणि दरवेळी तिथेच अडतेय. चिरोट्याच्या साट्याला माझा हात बसलाय, पण हे यीस्टचं पीठ काही ऐकेना.

प्रमाण असं: २५० ग्रॅम मैदा, १२५ ग्रॅम बिनमिठाचं बटर, तीनपदरी घडी तीन वेळा, म्हणजे बटरचे २७ थर. पहिल्या दोन घड्या झकास होतात. तिसऱ्या घडीला पीठ फ्रीजमधून काढून लाटायला घेतलं की आत कट्कट् आवाज येतो आणि पिवळे तुकडे वरून दिसायला लागतात. बटर तुटलं! म्हणून दहा मिनिटं बाहेर ठेवावं, तर आमच्या सोलापूरच्या उन्हाळ्यात ते ओघळायलाच लागतं. बटर साधारण ३२ ते ३५ अंशांना वितळतं, आणि माझं स्वयंपाकघर दुपारी त्याच्याही वर असतं. आता पहाटे पाचला उठून लाटते.

दुसरी अडचण फुगवण्याची. ट्रेमध्ये तुपाचं तळं साचतं, बूड तळल्यासारखं होतं आणि आत जाळी न पडता नुसता पाव. एसी फक्त बेडरूममध्ये आहे. तिथे २५ अंशांवर ठेवलं तर किती तास लागतील? रात्रभर फ्रीजमध्ये फुगवून कुणी केलंय का?

आणि चॉकलेटच्या कांड्या सोलापुरात कुठे मिळतील? लादी कापून घातली, ती सगळी बाहेर वाहिली.

लेकीचा वाढदिवस पुढच्या आठवड्यात आहे, तिला हीच हवीय. कृपया सांगा.