एक नाही, दोन नमुने दाखवा

लेखन शिकवताना मुलांना नमुना उत्तर दाखवावं का, असा प्रश्न निघाला की ‘नमुना दाखवला की मुलं तोच उतरवून काढतात’ असं म्हटलं जातं. ते खरं आहे, पण एकच नमुना दाखवला तर. दहावीच्या बातमीलेखनाला मी आधी एकच उत्तर फळ्यावर लिहून द्यायचे आणि निम्म्या वह्यांत तीच वाक्यं यायची. आता जुन्या विद्यार्थ्यांच्या दोन बातम्या, नावं झाकून, शेजारी शेजारी ठेवते. एकीत पहिल्याच वाक्यात कोण, कुठे, कधी आलेलं असतं. दुसरी ‘वृक्ष आपले मित्र आहेत’ अशी निबंधासारखी सुरू होते आणि वृक्षारोपण कुठल्या शाळेत झालं ते शेवटच्या ओळीत कळतं. गुण मी सांगत नाही, मुलांनीच द्यायचे, कारणासकट. खरं शिकणं त्या वादावादीत होतं.

रॉइस सॅडलर या ऑस्ट्रेलियन अभ्यासकाने १९८९ च्या लेखात हेच मांडलंय: चांगलं काम कशाला म्हणायचं याची शिक्षकाच्या डोक्यातली कल्पना विद्यार्थ्यापर्यंतही पोचली पाहिजे, नाहीतर त्याला आपलं काम सुधारता येत नाही. मात्र नमुन्याचा विषय आणि गृहपाठाचा विषय वेगळा ठेवा. वृक्षारोपणाची बातमी दाखवली तर लिहायला विज्ञान प्रदर्शन द्या, म्हणजे उतरवायला काही उरतच नाही.