हरळीची हिरवळ एकदम 15 मिलिमीटरवर आणली आणि तपकिरी पट्टे पडले

अंगणवेडा यांचा प्रश्न:

घरामागे संकरित हरळीची, म्हणजे टिफवे जातीच्या बर्म्युडा गवताची, सुमारे 150 चौरस मीटर हिरवळ आहे. तीन वर्षे मी ती आडव्या फिरत्या पात्याच्या साध्या यंत्राने आठवड्यातून एकदा 40 मिलिमीटर उंचीवर कापत आलो. खेळाच्या मैदानावर असते तशी दाट आणि आखूड हिरवळ आपल्या दारी असावी, ही फार दिवसांची इच्छा आहे. म्हणून यंदा दंडगोलात पाती बसवलेले रील मोअर घेतले आणि पहिल्याच कापणीत उंची 15 मिलिमीटरवर आणली. आता सगळीकडे पिवळट खुंट दिसत आहेत आणि काही जागी तर लांबच लांब तपकिरी पट्टे उमटले असून तिथे मातीसुद्धा खरवडली गेली आहे. गवत मेले आहे का? खत वाढवून ते सावरेल, की एवढी कमी उंची घरच्या हिरवळीला पेलवतच नाही?

हरळीमित्र यांचे उत्तर:

गवत मेलेले नाही, याबद्दल निश्चिंत राहा. हरळीचे वाढीचे कोंब जमिनीलगत पसरणाऱ्या धावत्या खोडांवर आणि मातीखालच्या खोडांवरही असतात, त्यामुळे वरचा सगळा पाला गेला तरी उबदार हवेत ती पुन्हा फुटते. जे तुम्हाला पिवळट दिसते आहे ते मुळात हिरवे कधी नव्हतेच: 40 मिलिमीटरवर वाढलेल्या गवतात हिरवी पाने फक्त वरच्या थरात असतात आणि खाली, जिथे ऊन पोहोचत नाही, तिथे नुसत्या काड्या राहतात. तुम्ही तो वरचा थरच उचलून घेतला.

एका कापणीत गवताच्या पात्याचा एक तृतीयांशाहून जास्त भाग काढू नये, हा नियम इथे फार नेमका लागू पडतो. हिरवळ 15 मिलिमीटरवर राखायची असेल, तर ती 22-23 मिलिमीटर होण्याच्या आत यंत्र फिरले पाहिजे, आणि भर वाढीच्या काळात हरळी तेवढी दोन-तीन दिवसांत वाढते. म्हणून आठवड्यातून एकदाच वेळ मिळत असेल, तर मी तुम्हाला 15 मिलिमीटरचा नाद सोडायलाच सांगेन. 30च्या आसपास तीच हिरवळ अधिक देखणी दिसेल.

वेळ देता येत असेल, तर खालची काडी एकदा कापावी लागतेच, पण तिची वेळ वेगळी असते. थंडीतली सुप्तावस्था संपून पहिली हिरवी छटा दिसू लागली आणि कडाक्याच्या थंडीची भीती सरली, की गवत हव्या त्या उंचीच्याही थोडे खाली, समजा 12 मिलिमीटरवर, कापावे, सगळा कचरा उचलून टाकावा आणि मग यंत्र 15वर बांधून पूर्ण हंगाम तिथेच ठेवावे. अशा हिरवळीला पाने बुडापासूनच फुटतात.

पट्ट्यांचे कारण मात्र उंची नसून जमीन आहे. फिरत्या पात्याच्या यंत्राने 40 मिलिमीटरवर कापताना जे उंचवटे लक्षातही येत नाहीत, त्यांच्या माथ्यावर रील मोअरचे खालचे स्थिर पाते थेट मातीला घासते. दोन खुंट्यांना दोरी ताणून बांधा आणि पट्टा पडलेल्या जागी दोरीखालचे अंतर मोजा.

धारकरी यांचे उत्तर:

वरील उत्तराशी मी सहमत आहे. भर फक्त यंत्राबद्दल घालतो. रील मोअर कात्रीसारखे कापते, त्यामुळे फिरती पाती आणि स्थिर पाते यांमध्ये कागदाची पट्टी धरून दंडगोल हाताने फिरवला, तर ती संपूर्ण लांबीभर स्वच्छ कापली गेली पाहिजे. कुठे नुसती दुमडत असेल, तर तिथे गवत कापले न जाता ओरबाडले जाते आणि दुसऱ्या दिवशी शेंडे पांढुरके दिसतात. (हे करताना इंजिन बंद असावे आणि बोटे पात्यांपासून दूर असावीत.) पाच पात्यांच्या यंत्राने फार खाली कापल्यास हिरवळीवर आडव्या लाटा उमटतात, कारण दोन कापांमधले पुढचे अंतर साधारण कापणीच्या उंचीइतके राहावे लागते. तेव्हा यंत्राला पाती किती आहेत, हे आधी मोजा.

मुळापासून यांचे उत्तर:

खताने हे सावरणार नाही. पाला नसताना एकदम भरपूर नत्र दिले, तर गवत मुळांतला साठा वापरून पाने फेकते, आणि आखूड कापलेल्या गवताची मुळे आधीच उथळ राहतात. हिरवा रंग परत आल्यावर चौरस मीटरला अडीच ग्रॅम नत्र, म्हणजे तुमच्या पूर्ण हिरवळीला साधारण 800 ग्रॅम युरिया, समान पसरून लगेच पाणी द्यावे. गरज दिसली तर पंधरवड्याने तेवढाच पुन्हा द्यावा.

ऊन किती तास पडते, हे तुम्ही लिहिलेले नाही. सहा तासांहून कमी थेट ऊन मिळणाऱ्या भागात हरळी या उंचीवर विरळच होत जाईल. टिफवे ही जात 1960 साली अमेरिकेतील जॉर्जिया राज्यातील टिफ्टन येथून प्रसारित झाली आणि ती मैदानांवर सर्रास आखूड कापली जाते, म्हणजे 15 मिलिमीटर तिला पेलते. पण उघड्या मैदानावर भिंतीची सावली नसते.

अंगणवेडा:

सर्वांचा मनापासून आभारी आहे. दोरी बांधून पाहिली: प्रत्येक तपकिरी पट्टा उंचवट्याच्या माथ्यावरच आहे आणि शेजारच्या खोलगट भागाशी फरक 18 मिलिमीटरपर्यंत भरतो. पाती सात आहेत. भिंतीलगत जेमतेम चार तास ऊन पडते, म्हणून तो भाग 35 मिलिमीटरवरच ठेवेन. एक विचारायचे राहिले: खोलगट भाग रेतीने भरायला आजच सुरुवात करू का?

हरळीमित्र:

आज नको. उघड्या पडलेल्या काड्यांवर रेती टाकली, तर फुटणारे कोंब दबतील. हिरवळ पूर्ण सावरून जोमाने वाढू लागली, की धुतलेली, कोरडी, चाळलेली रेती घ्या, एका वेळी 10 मिलिमीटरहून जास्त थर देऊ नका आणि पानांचे शेंडे वर दिसत राहतील इतकी ती झाडून बसवा. 18 मिलिमीटरचा खोलगा दोन वेळा भरावा लागेल. पहिल्या थरातून गवत पूर्ण वर आल्याशिवाय दुसरा टाकू नका, आणि रेती मुरेपर्यंत रील मोअर फिरवू नका, नाहीतर धार एका फेरीत जाईल.