मदत हवी आहे: खाजेनं झोप उडालीय, लवकर सांगा

बागेतली_सून
आठ दिवस झाले, रात्री डोळ्याला डोळा नाही. दिवस गेलेत म्हणून मेडिकलवाला काही द्यायला तयार नाही. गावातल्या डॉक्टरांनी मलम आणि खाजेची गोळी दिली, "या दिवसांत होतं असं" म्हणाले. काडीचा फरक नाही. सासूबाई म्हणतात बागेतल्या औषधानं झालं, पण मी बागेत पाऊल टाकून पंधरा दिवस झाले. काल रात्री दोन वाजता मोरीत बसून वजरीनं तळपाय घासत होते. सकाळी बघते तर चादरीला रक्ताचे डाग. कोणाला झालंय का असं? काय लावलंत? आज रात्रीची आत्तापासूनच भीती वाटतेय.

तासगावकर
बाग द्राक्षाची का? ऑक्टोबर छाटणी झाल्यावर केवडा रोगाच्या फवारण्या एकामागोमाग एक चालू असतात. आमच्या गड्याच्या हातापायांची अशीच आग व्हायची. फवारणीचे कपडे घरातल्या कपड्यांबरोबर धुता का? ते आधी वेगळे करा.

आजीचा_बटवा
कडुलिंबाचा पाला उकळून त्या पाण्यानं अंघोळ, नंतर खोबरेल तेलात कापूर घालून लावायचा. आमच्या घरात तीन बाळंतपणं झाली, दुसरं काही लागलं नाही.

कृष्णाकाठची
गरोदरपणात कापूर नको बटवाताई, आमच्या डॉक्टरांनी स्पष्ट नाही सांगितलं होतं.
बागेतली_सून, कितवा महिना? पुरळ आहे का? तळपाय म्हणालीस, तळहातांनाही खाज आहे का? रात्री वाढते का? लघवी पिवळीजर्द होते का? आधी एवढं सांग.

बागेतली_सून
आठवा संपत आला, ३४ आठवडे. पहिलीच वेळ. पुरळ नाही, माझ्याच नखांचे ओरखडे आहेत. हो, तळहातांनाही. रात्री जास्तच. लघवीकडं लक्ष नाही गेलं. पण ताई, मी खाजेवर काय लावू ते विचारतेय. एवढ्या प्रश्नांचं काय करू?

सई_ची_आई
पोटावरच्या पट्ट्यांसाठी मी पाचव्यापासून बदामाचं तेल लावत होते, एकही पट्टा उरला नाही. हवं तर सांगते कुठलं ते.

कृष्णाकाठची
लावायचं काही नाही, म्हणून तर विचारत होते. पुरळ नाही, तळहात-तळपायांना खाज, रात्री जास्त, शेवटचे महिने. मला २०१९ ला हेच झालं होतं, गरोदरपणातला कोलेस्टेसिस म्हणतात याला. यात लिव्हरमधलं पित्त नीट वाहत नाही आणि पित्तातली आम्लं रक्तात साठतात. मलमानं ती कशी कमी होणार? उद्या सकाळी दोन तपासण्या करायला सांग: एलएफटी (लिव्हरची रक्ततपासणी) आणि बाइल ॲसिड (हीच पित्तातली आम्लं). सोबत काविळीच्या विषाणूंच्याही, कारण हेपॅटायटिस ई गरोदर बाईला फार जड जातो. साध्या लॅबमध्ये बाइल ॲसिड होत नसेल तर नमुना बाहेर पाठवतात, म्हणून उशीर करू नकोस.
आईला यातून सहसा मोठा धोका नसतो, बाळंतपणानंतर खाज जाते. जपायचं ते बाळाला. आम्लं खूप वाढली तर बाळ पोटातच दगावू शकतं. म्हणून बाळ नेहमीपेक्षा कमी हलतंय असं वाटलं तर सकाळची वाट बघू नकोस, त्याच घटकेला निघ. १०८ ला फोन कर.

माण_देशी
उगाच भीती घालू नका पोरीला. तिनं खाजेचं विचारलं, तुम्ही बाळ दगावण्यापर्यंत पोचलात. काविळीचाच प्रकार असेल तर आमच्या जतकडं माळ घालून कावीळ उतरवतात, चार दिवसांत माळ लांबत जाते. गुण येतो.

कृष्णाकाठची
भाऊ, माळेचा दोरा सैल होतो म्हणून ती लांबते. रक्तातली आम्लं त्यानं उतरत नाहीत. माझ्याही घरी माळ घातली होती, त्यात सहा दिवस गेले. ते सहा दिवस आठवले की अजून पोटात गोळा येतो. घाबरवायची हौस नाही मला.

वाईकर
माझ्या बहिणीला हे निघालं तेव्हा डॉक्टरांनी लगेच सीझर केलं. सीझरच करा, विषय संपला.

कृष्णाकाठची
सरसकट तसं नसतं. ब्रिटनच्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संस्थेनं २०२२ मध्ये आकड्यांप्रमाणे सांगितलंय: आम्लं शंभरच्या वर असतील तर ३५-३६ आठवड्यांत, ४० ते ९९ असतील तर ३८-३९ मध्ये बाळंतपण करायचा विचार. आपल्याकडं डॉक्टर थोडं आधीही करतात. कळा सुरू करून नॉर्मल होऊ शकतं, माझं झालं.

आजीचा_बटवा
मग पथ्य काय? तूप बंद करायचं का? आमच्याकडं शेवटच्या महिन्यात दुधात तूप घालून देतात.

बागेतली_सून
परवा रात्री तुमचं वाचून ह्यांना उठवलं. काल मिरजेला जाऊन आलो. डॉक्टरांनी तळहात उलटसुलट करून बघितले आणि पहिलाच प्रश्न, "रात्री जास्त का?" तेव्हा रडूच आलं. एलएफटी वाढलेलं आहे, त्यातलं एसजीपीटी १८६. विषाणूंच्या तपासण्या निगेटिव्ह. बाइल ॲसिड आज दुपारी आलं, ६२. उर्सोच्या गोळ्या चालू केल्यात, खाज कमी व्हायला वेळ लागेल म्हणाले. दर आठवड्याला रक्त तपासायचं, ३७ ला परत ठरवायचं. कृष्णाकाठची ताई, तुमच्यावर चिडले होते, माफ करा. गोळीनं खाज किती दिवसांत गेली तुमची?

कृष्णाकाठची
माफी कसली गं. माझी पूर्ण गेली नाही, आठवड्याभरात झोपण्याइतकी कमी झाली. गोळी खाजेसाठी आहे, ती घेतली म्हणून बाळाची काळजी मिटली असं समजू नकोस, दर आठवड्याचं रक्त चुकवू नकोस. वजरी आधी लपवून ठेव. ओला पंचा फ्रीजमध्ये ठेवायचा आणि रात्री पायांना गुंडाळायचा, गादीखाली प्लास्टिक. नखं अगदी बारीक काप.

तासगावकर
मिरजेला सारखं जावं लागणार, राहायची सोय आहे का? शेवटचे आठवडे गावात थांबू नका. रात्रीची गाडी मिळत नाही.

बागेतली_सून
मावशी सांगलीत विश्रामबागला असते, रविवारी तिकडं जातोय. सासूबाईच म्हणाल्या जा म्हणून. आत्ता हे लिहिताना डावीकडून दोन लाथा बसल्या. मोजतेय.