मोबाइल निर्जंतुक करताना तो खराब होऊ नये यासाठी काय करावे?

प्रश्नकर्ती:
नमस्कार. मी रुग्णालयाच्या वॉर्डात काम करते आणि घरी आईवर केमोथेरपीचे उपचार सुरू आहेत. घरी आल्यावर मी हात धुते, कपडे बदलते. परंतु दिवसभर ज्याला हात लागत असतो तो मोबाइल तसाच घरात येतो, हे ध्यानात आल्यापासून गेले चार महिने मी रोज त्यावर हाताला लावायचे सॅनिटायझर जेल चोळून तो पुसत आले आहे. आता स्क्रीन चिकट लागते, बोटांचे ठसे पूर्वीपेक्षा लवकर उमटतात आणि कानाशी धरायच्या स्पीकरमधून आवाज दबल्यासारखा येतो. फोन पाण्यातही टिकतो असे त्याच्या खोक्यावर लिहिले आहे, तेव्हा तो सरळ साबणाच्या पाण्याने धुतला तर चालेल काय?

उत्तर १ (मोबाइल दुरुस्ती करणारा):
धुऊ नका, ही कळकळीची विनंती. आयपी ६७ या धूळ-पाण्यापासून बचावाच्या दर्जाचा अर्थ एवढाच की नवा फोन १ मीटर खोल साध्या पाण्यात ३० मिनिटे ठेवला असता त्याला अपाय झाला नाही. आयपी ६८ मध्ये त्याहून कडक अटी असतात आणि त्या निर्माता सांगतो. साबणाच्या पाण्याची चाचणी यात नसते. साबणामुळे पाण्याचा पृष्ठताण कमी होतो आणि ते बारीक फटींत अधिक सहज शिरते. शिवाय फोन पडला, एकदा उघडला गेला किंवा नुसता जुना झाला तरी आतील रबर आणि चिकट पट्ट्यांची पकड सैल होते, आणि ते बाहेरून दिसत नाही.

चिकटपणाचे कारण बहुधा जेलच आहे. त्यात त्वचा कोरडी पडू नये म्हणून ग्लिसरिन आणि घट्टपणासाठी आणखी काही घटक असतात. अल्कोहोल उडून जाते, हे घटक मागे राहतात आणि स्पीकरच्या जाळीत धूळ धरून ठेवतात. फोन बंद करून मायक्रोफायबरचे कापड पाण्याने किंचित ओलसर करा (पिळल्यावर थेंबही पडता कामा नये), हलक्या हाताने पुसा आणि लगेच कोरड्या कापडाने टिपून घ्या. त्यानंतरही ठसे पूर्वीसारखेच उमटत राहिले, तर काचेवरचा तेलकटपणा दूर ठेवणारा फ्लोरिनयुक्त थर झिजला आहे असे समजावे. तो थर अतिशय पातळ असतो आणि घासण्याने झिजतो, म्हणून मी प्रत्येकाला स्क्रीनवर संरक्षक काच लावण्याचा आग्रह करतो. झीज व्हायचीच असेल तर ती बदलता येणाऱ्या काचेची व्हावी. स्पीकरची जाळी खाली येईल असा फोन धरून कोरड्या, मऊ दातांच्या ब्रशने हळूच झटका. टाचणी घालू नका आणि दाबाखालच्या हवेचा फवाराही मारू नका, कारण त्याने जाळीमागचा नाजूक पडदा फाटू शकतो.

उत्तर २ (संसर्ग नियंत्रण विभागातील परिचारिका):
वरील उत्तराशी सहमत आहे. जंतूंविषयीचा भाग मी जोडते. पुसून मळ काढणे आणि जंतू मारणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि मळाच्या थराखाली जंतुनाशक नीट पोहोचत नसल्यामुळे पुसणे आधी करावे लागते. त्यानंतर ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचे वाइप वापरावे. अल्कोहोल जितके शुद्ध तितके प्रभावी, असा समज आमच्याकडे नव्याने आलेल्यांतही आढळतो; प्रत्यक्षात जंतूंची प्रथिने विस्कटण्यासाठी पाण्याचा अंश लागतो आणि पाण्यामुळे द्रव लवकर उडूनही जात नाही. पाकिटावर जितका वेळ पृष्ठभाग ओला ठेवण्यास सांगितले असेल तितका तो ओला राहिला पाहिजे. फिरवले आणि लगेच कोरडे केले, तर निम्मे काम वाया जाते.

ॲपलने मार्च २०२० मध्ये आपल्या सूचना बदलून असे वाइप चालतील असे स्पष्ट केले. ब्लीच आणि हायड्रोजन पेरॉक्साइड मात्र त्या कंपनीने वर्ज्यच ठेवले आहे. आपल्या फोनच्या निर्मात्याची सूचना एकदा अवश्य पाहा. ब्लीच आणि अल्कोहोल एकत्र तर कधीच करू नये, कारण त्यातून विषारी संयुगे तयार होतात.

आपण वॉर्डात असता म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगते. क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल या जुलाब करणाऱ्या जंतूच्या बीजाणूंवर (जाड कवचातील सुप्त रूपांवर) अल्कोहोलचा परिणाम होत नाही आणि उलट्या-जुलाब करणाऱ्या नोरोव्हायरसवरही ते कमी पडते. असा संसर्ग झालेल्या रुग्णाच्या खोलीत फोन काढूच नये, आणि बाहेर आल्यावर जेलवर न थांबता हात साबण-पाण्याने धुवावेत.

प्रश्नकर्ती:
आपणा दोघांचे मनापासून आभार. ओलसर कापडाने तीनदा पुसल्यावर चिकटपणा गेला. ठसे मात्र अजून उमटतात, म्हणून संरक्षक काच बसवून घेते. अतिनील किरणांची पेटी घेतली तर रोजचे पुसणे टळेल काय? आणि कव्हरचे काय करावे?

उत्तर २:
नाही टळणार. जंतू मारणारे किरण २०० ते २८० नॅनोमीटर तरंगलांबीचे असतात आणि ते फक्त समोर येणाऱ्या भागावर काम करतात. बटणांच्या खाचा आणि मळाखालचा भाग सावलीत राहतो. अशी पेटी घेतलीच, तर झाकण उघडताच दिवा आपोआप बंद होतो ना हे तपासा, कारण हे किरण डोळ्यांना आणि त्वचेला इजा करतात.

सिलिकॉनचे कव्हर काढून साबण-पाण्याने धुवा आणि पूर्ण वाळल्यावरच चढवा. चामड्याचे कव्हर अल्कोहोलने कडक होऊन तडकते, म्हणून वॉर्डात ते वापरूच नये. पुसताना चार्जर काढलेला असावा, कारण अल्कोहोल पेट घेते. वेळेचे म्हणाल, तर वॉर्डातून निघताना कव्हर काढून फोन पुसा, त्यानंतर हात धुवा, आणि घरी पोहोचेपर्यंत तो स्वच्छ पिशवीत ठेवा. आधी हात धुऊन मग फोन पुसला, तर फोनवरचे जंतू पुन्हा हातांवरच येतात. ही चूक मी स्वतः कितीतरी दिवस करत होते.