बावन्नाव्या वर्षी दहावी करावी का?

फोंडेकरीण:
फोंड्याला माझी छोटी खानावळ आहे. शाळा आठवीनंतर सुटली. आता गल्ला मुलगा सांभाळतो, दुपारी तीननंतर मी मोकळी असते. एनआयओएस म्हणजे सरकारी मुक्त शाळेतून दहावी देता येते असं ऐकलं. नोकरी नको, मिरवायचंही नाही. पण फूड लायसन्सचा फॉर्म असो की बँकेचा कागद, दुसऱ्यानं बोट ठेवलं तिथं सही करायची, याचा वीट आलाय. भीती एकच, गणित. घरचे हसतात, म्हणतात, आता शिकून कोणाला दाखवणार?

निवृत्त मास्तर, डिचोली:
ताई, किमान वय १४ हवं, वरची अट नाहीच. मराठी माध्यम आहे. पास व्हायला पाच विषय, त्यात एक तरी भाषा. आणि गणित सक्तीचं नाही! गृहविज्ञान घ्या, प्रात्यक्षिकात तुम्हाला कोण नापास करणार? परीक्षा वर्षातून दोनदा, नोंदणी पाच वर्षं टिकते, तेवढ्यात नऊ संधी. एकदा पास झालेला विषय परत द्यावा लागत नाही. म्हणून पाचही एकदम देऊ नका. आधी मराठी नि गृहविज्ञान काढून टाका.

म्हापसेकार:
दहावीचं काय घेऊन बसलात? मोबाईलवर हिशेबाचं ॲप शिका, धंद्याला उपयोग होईल.

साखवाळकर:
आमच्या गावच्या धर्मानंद कोसंबींचं, त्या बौद्ध धर्माच्या पंडितांचं, चरित्र वाचा. १८९९ मध्ये घर सोडलं. पुणे, ग्वाल्हेर, काशी करत सिलोनला पोचून पाली शिकले, पुढे हार्वर्डपर्यंत गेले.

फोंडेकरीण:
बाबा, ते बायको नि लहान मुलगी मागे ठेवून गेले. मी गेले तर हुमण, माशाची आमटी, कोण करणार? म्हापसेकार, ॲप मुलाकडे आहे, तो मला हात लावू देत नाही.
मास्तर, तुमचं पटलं. पण गणित सोडणार नाही, सगळ्यात शेवटी देईन. गिऱ्हाइकांची महिन्याची उधारी मी तोंडी मांडते, पैसा चुकत नाही. तेच पुस्तकात कसं लिहितात ते बघायचंय. आठवीचा दाखला मात्र सापडत नाही. आणि वर्ग रविवारी असतील तर? रविवारी आमच्याकडे पाय ठेवायला जागा नसते.

निवृत्त मास्तर, डिचोली:
दाखल्यावाचून अडत नाही. दहावीचा अभ्यास झेपेल इतकं शिकलेय असं स्वतःचं लेखी निवेदन चालतं. जन्माचा पुरावा मात्र काढून ठेवा. वर्ग बहुधा सुट्टीच्याच दिवशी असतात, तेव्हा केंद्र निवडण्याआधी तिथं फोन करून वार विचारा. आणि रविवारी गल्ल्यासोबत वाढपही मुलाकडे द्या.