मदत हवी आहे: गाय आटवायची आहे, पण एका सडात सुप्त दगडी (बाहेरून लक्षणं न दिसणारा कासदाह)

एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित गाय, तिसरं वेत, गाभण राहून सात महिने उलटलेत. विण्याआधी ६० दिवस भाकड (धार पूर्ण बंद) मिळायला हवेत, त्यामुळे आटवणं लांबवता येत नाही. पण अजून दिवसाला ९ लिटर देते, आणि सीएमटी चाचणीत (दुधात द्रावण मिसळून दगडी ओळखायची चाचणी) मागच्या उजव्या सडाचं दूध जेलीसारखं घट्ट झालं. बाकी तीन सड स्वच्छ. कास मऊ, दुधात गुठळ्या नाहीत.

९ लिटरवर धार एकदम तोडली तर कास तटते, दूध गळतं, सडाच्या टोकाला नैसर्गिक बूच नीट बसत नाही आणि जंतू तिथूनच शिरतात. म्हणून आठवडाभर पेंड बंद, कोरडा चारा आणि एकच वेळ धार असं ठरतंय. पाणी तोडायचा सल्ला कृपया देऊ नका.

खरा प्रश्न ट्यूबचा. शेवटच्या धारेनंतर भाकडकाळाची प्रतिजैविक ट्यूब चारही सडांत सोडावी, की फक्त बाधित सडात? निरोगी सडात विनाकारण प्रतिजैविक नको वाटतं, पण संसर्ग पसरला तर पुढचं वेतच जाईल. बाकीच्या तिघांना नुसतं टीट सीलंट (सडाचं छिद्र बुजवणारी, प्रतिजैविक नसलेली पेस्ट) पुरेल का? तालुक्याच्या दुकानांत ते मिळतं का?

दुधाचा नमुना जंतू तपासणीला द्यायचाच आहे (पहिल्या धारा टाकून, सडाचं टोक स्पिरिटने पुसून, निर्जंतुक बाटलीत, बर्फावर). स्टॅफिलोकोकस ऑरियस (दगडीचा चिवट जंतू) निघाला तर तो सड कायमचा बंद करावा का? असं कुणी केलं असेल तर पुढच्या वेतात दूध किती घटलं, तेही सांगा.